‘आफ्टर’ची जात कोणती? इंग्लंडमधील सात वर्षांच्या मुलांच्या व्याकरणाचे एक प्रकरण

३ मे २०१६ रोजी दुपारी इंग्लंडच्या शिक्षण खात्याचे राज्यमंत्री निक गिब बीबीसी रेडिओ ४ वरील ‘द वर्ल्ड ॲट वन’ या कार्यक्रमात बोलत होते. प्राथमिक शाळांतील परीक्षांचा निषेध म्हणून अनेक पालकांनी त्या दिवशी मुलांना शाळेतच पाठवले नव्हते आणि सरकारची बाजू मांडण्याचे काम गिब यांच्याकडे आले होते. मुलाखत घेणाऱ्या मार्था कर्नी यांनी त्यांना एक वाक्य ऐकवले: ‘आय वेंट टू द सिनेमा आफ्टर आय हॅड ईटन माय डिनर’, म्हणजे ‘मी जेवल्यानंतर सिनेमाला गेलो’. या वाक्यातील ‘आफ्टर’ हे सबॉर्डिनेटिंग कंजंक्शन (गौण उपवाक्य जोडणारे उभयान्वयी अव्यय) आहे की प्रेपोझिशन (आपल्या शब्दयोगी अव्ययासारखा, पण नामाआधी येणारा शब्द), असे त्यांनी विचारले. गिब यांनी प्रेपोझिशन असे उत्तर दिले आणि ते चुकल्याचे त्यांना तिथेच सांगण्यात आले. आपल्याला स्वतःला प्राथमिक शाळेत व्याकरण शिकवले गेले नव्हते आणि पुढच्या पिढ्यांवर तशी वेळ येऊ नये म्हणूनच हा खटाटोप आहे, असा बचाव त्यांनी केला. बचाव तर्काला धरून होता, पण व्हायचे ते हसे झालेच.

बहुतेकांनी या प्रसंगाकडे मंत्र्यांची फजिती म्हणून पाहिले. लहान मुलांना व्याकरणाच्या संज्ञा शिकवण्याचा विचार करणाऱ्याला मात्र त्यातला दुसराच भाग महत्त्वाचा वाटावा. गिब यांचे उत्तर चुकले ते इंग्लंडच्या शालेय अभ्यासक्रमाच्या हिशेबाने. त्या अभ्यासक्रमात ‘आफ्टर’नंतर नाम आले (‘आफ्टर डिनर’) तर तो शब्द प्रेपोझिशन ठरतो आणि पूर्ण उपवाक्य आले तर कंजंक्शन. रॉडनी हडलस्टन आणि जेफ्री पुलम यांचा ‘द केंब्रिज ग्रामर ऑफ द इंग्लिश लँग्वेज’ हा २००२ साली प्रसिद्ध झालेला बृहद्ग्रंथ मात्र दोन्ही ठिकाणच्या ‘आफ्टर’ला प्रेपोझिशनच मानतो, क्रियापदापुढे कधी नाम येते, कधी उपवाक्य येते, म्हणून आपण क्रियापदाची जात बदलत नाही, मग ‘आफ्टर’ची का बदलावी, असा त्यामागचा विचार आहे. मराठी वाचकाला तर हे सहज पटण्यासारखे आहे. ‘जेवणानंतर’ आणि ‘जेवल्यानंतर’ या दोन्ही शब्दांत ‘नंतर’ हे शब्दयोगी अव्ययच असते आणि पहिल्याला एक नाव व दुसऱ्याला दुसरे नाव देण्याचे आपल्या कोणत्याही शाळेतील शिक्षकांच्या मनातही येत नाही. मंत्र्यांनी अजाणता दिलेले उत्तर एका प्रतिष्ठित व्याकरणग्रंथाशी जुळत होते आणि तरीही उत्तरपत्रिकेत त्याला शून्य गुण पडले असते. ज्या प्रश्नावर जाणकारांचेच एकमत नाही, तो प्राथमिक शाळेतील मुलाला एका गुणासाठी का विचारला जात होता, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

परीक्षेतून आलेले व्याकरण

इंग्लंडमधील शाळांतून औपचारिक व्याकरण १९६० च्या दशकापासून हळूहळू हद्दपार झाले. वाक्यांची चिरफाड करून लेखन सुधारत नाही, असे मत तेव्हा बळावले होते. १९८८ च्या किंगमन समितीपासून १९९८ च्या राष्ट्रीय साक्षरता मोहिमेपर्यंत व्याकरण परत आणण्याचे प्रयत्न झाले, परंतु मधल्या काळात शिक्षकांची एक अख्खी पिढी असे काही न शिकताच वर्गावर उभी राहिली होती. या प्रकरणातील बऱ्याच गोंधळाचे मूळ तिथे आहे आणि त्याबद्दल शिक्षकांना दोष देण्यात अर्थ नाही.

निर्णायक वळण २०११ साली आले. अकराव्या वर्षी होणाऱ्या राष्ट्रीय परीक्षांचा फेरविचार करण्यासाठी लॉर्ड ब्यू यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमण्यात आली होती. मुलाने लिहिलेल्या गोष्टीला बाहेरच्या परीक्षकाने गुण द्यायचे म्हटले की एकाच उत्तरपत्रिकेला दोन परीक्षक वेगवेगळे गुण देतात, ही तक्रार जुनी होती. समितीने सुचवले की निबंधवजा लेखनाचे मूल्यमापन वर्गशिक्षकांवर सोपवावे आणि शब्दलेखन, विरामचिन्हे, व्याकरण व शब्दसंग्रह यांची वेगळी परीक्षा घ्यावी, कारण या गोष्टींत बरोबर आणि चूक असा निवाडा स्पष्टपणे करता येतो. त्यानुसार मे २०१३ मध्ये अकरा वर्षांच्या मुलांची पहिली व्याकरण-परीक्षा झाली. त्याच वर्षी मायकेल गोव्ह शिक्षणमंत्री असताना नवा राष्ट्रीय अभ्यासक्रम जाहीर झाला आणि सप्टेंबर २०१४ पासून लागू झाला. त्याच्या इंग्रजी विषयाच्या दुसऱ्या परिशिष्टात कोणत्या इयत्तेत कोणत्या संज्ञा मुलांना आल्या पाहिजेत, याची यादी दिली आहे. हा सारा कारभार फक्त इंग्लंडपुरता होता. स्कॉटलंड व वेल्स यांची व्यवस्था वेगळी आहे.

ब्यू समितीच्या तर्कात एक बारीक उडी आहे. विरामचिन्ह चुकले की चुकले आणि स्पेलिंग चुकले की चुकले, हे खरे. परंतु शब्दाची जात ओळखणे ही त्याच पंक्तीतली गोष्ट नाही. तिथे बरोबर आणि चूक ठरवण्याआधी कोणते तरी एक वर्गीकरण निवडावे लागते. ते एकदा निवडले की परीक्षेपुरते तेच सत्य होऊन बसते. माझ्या मते या प्रकरणात जे जे बिघडले, ते या उडीपाशी बिघडले. इतक्या लहान वयात संज्ञा शिकवल्या म्हणून नुकसान झाले, असे म्हणणारे बरेच आहेत. मला ते तितकेसे पटत नाही. सहा वर्षांचे मूल डायनासोरांची लांबलचक नावे आनंदाने पाठ करते, त्याला ‘नाउन’ जड जाण्याचे कारण नाही.

यादीत काय आहे आणि काय नाही

पाच-सहा वर्षांच्या पहिलीतील मुलाने अक्षर, मोठे अक्षर, शब्द, एकवचन, अनेकवचन, वाक्य, पूर्णविराम, प्रश्नचिन्ह, उद्गारचिन्ह एवढ्या संज्ञा शिकाव्यात, अशी अपेक्षा आहे आणि तिच्याविषयी फारशी तक्रार कधी ऐकू आली नाही. खरा भार दुसरीत, म्हणजे सहा-सात वर्षांच्या वयात येतो: नाउन, नाउन फ्रेज (नामाभोवतीचा शब्दसमूह), व्हर्ब, ॲडजेक्टिव्ह, ॲडव्हर्ब, भूत व वर्तमान काळ, प्रत्यय, जोडशब्द, ॲपॉस्ट्रॉफी, स्वल्पविराम आणि विधान, प्रश्न, उद्गार व आज्ञा हे वाक्यांचे चार प्रकार. प्रेपोझिशन, कंजंक्शन आणि क्लॉज (उपवाक्य) तिसरीत. डिटर्मिनर (नामाआधी येणारे ‘द’सारखे शब्द), प्रोनाउन आणि ॲडव्हर्बियल (क्रियाविशेषणाचे काम करणारा शब्द वा शब्दसमूह) चौथीत. ‘सब्जेक्ट’ आणि ‘ऑब्जेक्ट’, म्हणजे आपले कर्ता आणि कर्म, थेट सहावीत, दहा-अकरा वर्षांच्या वयात.

हा क्रम मराठी शाळेत शिकलेल्या माणसाला चमत्कारिक वाटल्याशिवाय राहत नाही. आपल्याकडे कर्ता, कर्म आणि क्रियापद ही त्रयी एकत्र येते, ‘कोण?’ आणि ‘काय?’ असे प्रश्न क्रियापदाला विचारले की उरलेली दोघे सापडतात. इंग्लंडमधील मूल क्रियापद ओळखायला सहाव्या वर्षी शिकते आणि त्या क्रियापदाच्या कर्त्याचे नाव चार वर्षांनी ऐकते. दुसरीत ‘बिकॉज’, ‘व्हेन’, ‘इफ’ वापरून जोडवाक्ये लिहायची असतात, परंतु या शब्दांना काय म्हणतात ते तिसरीत कळते. वापर आधी आणि नाव नंतर, असा हेतू त्यामागे असेल तर तो चांगलाच आहे; मात्र मग नाउन फ्रेजच्या बाबतीत नाव आधी का, याचा उलगडा होत नाही.

अभ्यासक्रमाला जोडलेला पारिभाषिक कोश मात्र मन लावून लिहिलेला आहे आणि या संपूर्ण प्रकरणातील ती सर्वांत दुर्लक्षित राहिलेली गोष्ट म्हणावी लागेल. इंग्रजी शाळांत पिढ्यान्‌पिढ्या ‘नाउन म्हणजे नाव सांगणारा शब्द’ आणि ‘व्हर्ब म्हणजे काहीतरी करण्याचा शब्द’ असे शिकवले जाते. कोश म्हणतो की हे बऱ्याचदा खरे असले, तरी त्यावरून एक जात दुसरीपासून वेगळी काढता येत नाही. क्रियेचे नाव तर नामही सांगू शकते. शब्द वाक्यात कसा वापरला जातो, ही खात्रीची खूण आहे: नामाआधी ‘द’ लावता येतो आणि क्रियापदाला काळ असतो.

वर्गात याचा अर्थ काय होतो, ते ‘प्ले’ या एका शब्दावरून पाहता येईल. ‘वुई प्ले इन द पार्क’ आणि ‘वुई सॉ द प्ले’ या दोन वाक्यांतील ‘प्ले’ सात वर्षांच्या मुलासमोर ठेवला, तर ‘करण्याचा शब्द’ ही व्याख्या त्याला दोन्हीकडे क्रियापदच दाखवते, कारण नाटकही कोणीतरी करतच असते. त्याऐवजी वाक्याच्या सुरुवातीला ‘येस्टरडे’ घालून बघ, असे त्याला सांगितले, की पहिल्या वाक्यातला ‘प्ले’ आपोआप ‘प्लेड’ होतो आणि दुसऱ्यातला जागचा हलत नाही. ही कसोटी मूल स्वतः लावू शकते, त्यासाठी पाठांतर लागत नाही आणि मुख्य म्हणजे ‘इज’ व ‘हॅव’ हे शब्दही तिच्यात सापडतात. सात वर्षांच्या मुलाच्या लेखनात हीच क्रियापदे पदोपदी येतात आणि ‘करण्याचा शब्द’ शोधणारे मूल नेमकी तीच सोडून देते. मराठी शालेय व्याकरणाने क्रियापदाच्या व्याख्येत ‘वाक्याचा अर्थ पूर्ण करणारा’ हे शब्द घालून ही अडचण बरीच टाळली आहे. ‘क्रिया दाखवणारा शब्द’ एवढ्यावर थांबणाऱ्या आपल्या मार्गदर्शक पुस्तिकांनी ते शब्द का गाळावेत, हे कळत नाही.

आपल्याकडे आणखी एक सवय मुलांना लागते, तीही इथे उपयोगी पडली असती. ‘तो वर गेला’ यातील ‘वर’ क्रियाविशेषण आणि ‘झाडावर’ यातील ‘वर’ शब्दयोगी, हे शिकताना शब्दाची जात शब्दाच्या अंगाला चिकटलेली नसून वाक्यात ठरते, एवढे तरी मुलाच्या कानावरून जाते. भिंतीवर ‘नाउन’ आणि ‘व्हर्ब’ असे दोन रंगीत तक्ते लावून त्यांखाली शब्दांच्या चिठ्ठ्या चिकटवण्याच्या प्रकाराने नेमका याच्या उलट समज होतो.

‘व्हॉट’ किंवा ‘हाउ’

चार वाक्यप्रकारांपैकी तीन निर्वेध पार पडले. उद्गार मात्र अडला.

२०१६ साली सात वर्षांच्या मुलांचे लेखन जोखण्यासाठी शिक्षकांना एक तात्पुरता आराखडा देण्यात आला होता. मुलाला अपेक्षित पातळी गाठली असे म्हणायचे असेल, तर त्यातील प्रत्येक कलमाचा पुरावा मुलाच्या वहीत दिसला पाहिजे, अशी अट होती आणि विधान, प्रश्न, उद्गार व आज्ञा असे वेगवेगळे वाक्यप्रकार वापरणे हे त्यातले एक कलम होते. याच सुमारास खात्याने स्पष्ट केले की ‘व्हॉट’ किंवा ‘हाउ’ने सुरू होणारे, क्रियापद असलेले पूर्ण वाक्य असेल तरच ते उद्गारवाक्य धरले जाईल. प्रसिद्ध परीकथेत आजीच्या वेषातल्या लांडग्याला पाहून लाल टोपीवाल्या मुलीने काढलेला ‘व्हॉट बिग आईज यू हॅव, ग्रँडमा!’ हा उद्गार त्यात बसतो. ‘आय लव्ह माय डॉग!’ हे मात्र उद्गारचिन्ह असूनही विधानच राहते आणि ‘रन!’ ही आज्ञा होते.

भाषाशास्त्राच्या अंगाने यात काही गैर नव्हते. इंग्रजीत या रचनेला एक स्वतंत्र वाक्यप्रकार मानण्याची परंपरा आहे. गोंधळ झाला तो संज्ञेमुळे. ‘एक्स्क्लमेशन’ हा रोजच्या वापरातला शब्द आहे, विरामचिन्हाच्या नावातही तोच आहे आणि पहिलीतल्या मुलाने ते चिन्ह कोणत्याही जोरदार वाक्यापुढे द्यायला नुकतेच शिकून घेतले होते. दुसरीत आल्यावर त्याला सांगण्यात आले की चिन्ह बरोबर, पण उद्गार चूक. मराठीतही ‘काय थंडी आहे!’, ‘केवढा मोठा साप हा!’ अशा वाक्यांत ‘काय’, ‘किती’, ‘केवढा’ येतात, परंतु उद्गारार्थी वाक्य आपण भावनेवरून ठरवतो, पहिल्या शब्दावरून नाही. त्यामुळे ‘अरेरे, फार वाईट झाले!’ हे वाक्य कोणी नापास करत नाही.

आजचे इंग्रजी मूल बोलताना ‘हाउ लव्हली द गार्डन लुक्स!’ असे सहसा म्हणत नाही. तो सूर जुन्या कथांतील आजीबाईंचा आहे. तरीही अशा वाक्यावाचून अपेक्षित पातळीची खूण मिळत नसल्यामुळे शिक्षकांना ते मुलांकडून लिहवून घ्यावे लागले. वहीतल्या सहलीच्या वर्णनात मध्येच असे एखादे नटवे वाक्य उगवले की ते कोणासाठी लिहिले आहे, हे सांगण्याची गरज नव्हती. पुढे २०१७–१८ पासून आराखडा सैल करण्यात आला आणि सात वर्षांच्या मुलांसाठीची उद्गारवाक्याची अट त्यातून गेली.

त्याच वसंतात आणखी एक गोष्ट घडली. सात वर्षांच्या मुलांची पहिली व्याकरण व शब्दलेखन परीक्षा मे २०१६ मध्ये व्हायची होती, परंतु तिच्यातील प्रत्यक्ष प्रश्न सरावसाहित्य म्हणून खात्याच्या संकेतस्थळावर आधीच ठेवले गेल्याचे एप्रिलमध्ये उघडकीस आले. त्या वर्षापुरती तिची सक्ती रद्द झाली आणि पुढच्या वर्षापासून ती ऐच्छिक ठेवण्यात आली. म्हणजे सात वर्षांच्या मुलांसाठी ही परीक्षा सक्तीने अशी कधी झालीच नाही. संज्ञांची यादी मात्र अभ्यासक्रमात जागच्या जागी राहिली, कारण चार वर्षांनी येणारी अकराव्या वर्षीची परीक्षा सक्तीची होती आणि तिची पायाभरणी खाली व्हावी, अशी शाळांची साहजिक धडपड होती.

लेखन सुधारले का

संज्ञा आल्याने मुलांचे लेखन सुधारते, हे या धोरणामागचे मुख्य समर्थन होते. २००४ साली रिचर्ड अँड्र्यूज आणि यॉर्क विद्यापीठातील त्यांच्या सहकाऱ्यांनी तोवरच्या संशोधनाचा आढावा घेऊन, पाच ते सोळा वयोगटात वाक्यरचनेचे औपचारिक शिक्षण दिल्याने लेखन सुधारल्याचा पुरावा सापडत नाही, असा निष्कर्ष काढला होता. लहान वाक्ये जोडून मोठी करण्याच्या सरावाबद्दलचे चित्र त्यांना अधिक आशादायक दिसले होते. त्यानंतर एक्सेटर विद्यापीठात डेब्रा मायहिल यांनी वेगळी दिशा धरली. गोष्ट लिहिताना ज्या रचनेची गरज पडते तीच त्या ठिकाणी शिकवायची, अशा पद्धतीने बारा-तेरा वर्षांच्या मुलांना शिकवल्यावर लेखनात फरक पडलेला त्यांना आढळला, परंतु तो मुळात बरे लिहिणाऱ्या मुलांत अधिक होता. सातव्या वर्षाविषयी यातून काहीच ठरत नव्हते.

ते काम लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील डॉमिनिक वाइज आणि सहकाऱ्यांनी नफील्ड फाउंडेशनच्या साहाय्याने केले. युनिव्हर्सिटी कॉलेजमध्येच भाषाशास्त्रज्ञ बास आर्ट्स यांच्या पुढाकाराने ‘इंग्लिशस’ नावाचे व्याकरण शिकवण्याचे साहित्य तयार झाले होते. खेळ, कृती आणि मग थोडे लेखन, अशी त्याची धाटणी आहे. रटाळ पाठांतराचा आरोप त्याच्यावर करता येत नाही. दुसरीच्या वर्गांतून चिठ्ठ्या टाकून दोन गट करावेत अशा रीतीने त्याची चाचणी घेण्यात आली आणि २०२२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मुलांच्या कथालेखनात सुधारणा आढळली नाही. वाक्ये जोडण्याच्या कामात किंचित अनुकूल कल दिसला, पण तो सांख्यिकीच्या कसोटीवर टिकण्याइतका नव्हता.

या निष्कर्षाचा अर्थ लावताना एक सावधगिरी हवी. चाचणीतील दुसऱ्या गटाला व्याकरण शिकवलेच जात नव्हते असे नाही. राष्ट्रीय अभ्यासक्रमातील संज्ञा त्या शाळांतही आपापल्या पद्धतीने शिकवल्या जातच होत्या. तुलना झाली ती एका पद्धतीची दुसऱ्या पद्धतीशी. म्हणून ‘व्याकरण निरुपयोगी ठरले’ असा मथळा यावरून देता येत नाही. एवढेच म्हणता येते की चांगल्या प्रतीचे साहित्य हाताशी देऊनही सात वर्षांच्या मुलांच्या गोष्टी अधिक चांगल्या झाल्या नाहीत, आणि लेखन सुधारावे म्हणून संज्ञा, हे समर्थन या वयापुरते तरी उभे राहत नाही. संज्ञा शिकवण्याची दुसरी कारणे असू शकतात. भाषेबद्दलचे कुतूहल हे एक. दुसरी भाषा शिकताना होणारा उपयोग हे दुसरे, आणि इंग्लंडमधील मराठी घरांतील मुलांच्या बाबतीत तर ते चांगलेच लागू पडते: इंग्रजीत ‘अंडर द टेबल’मधला ‘अंडर’ आधी येतो आणि मराठीत ‘टेबलाखाली’मधला ‘खाली’ नंतर चिकटतो, हे ज्या मुलाच्या घरात रोज घडते, त्याला ‘प्रेपोझिशन’ या नावातला ‘प्रे’ म्हणजे ‘आधी’ हा अर्थ एका वाक्यात समजावता येतो.

अशा घरांतील पालकांची या यादीशी खरी ओळख जानेवारी २०२१ च्या टाळेबंदीत झाली असणार, कारण तेव्हा इंग्लंडमधील बहुतेक मुलांची शाळा स्वयंपाकघरातल्या टेबलावर भरत होती आणि चौथीच्या अभ्यासातला ‘फ्रंटेड ॲडव्हर्बियल’ हा शब्द देशभर थट्टेचा विषय झाला होता. वाक्याच्या आरंभी आलेला काळ, स्थळ किंवा रीत दाखवणारा शब्दसमूह, एवढाच त्याचा अर्थ. ‘काल संध्याकाळी आम्ही आजीकडे गेलो’ असे जे मूल बोलायला लागल्यापासून म्हणत आले आहे, त्याला ही रचना शिकवावी लागत नाही. इंग्रजी बोलणारे मूलही ‘येस्टरडे’ने वाक्य सुरू करतेच. वर्गात नवे होते ते फक्त नाव आणि त्यापुढचा स्वल्पविराम.

२०२३–२४ या शैक्षणिक वर्षापासून सातव्या वर्षीच्या सगळ्याच राष्ट्रीय परीक्षा ऐच्छिक झाल्या. अकराव्या वर्षीची व्याकरण-परीक्षा चालू राहिली: व्याकरण व विरामचिन्हांच्या प्रश्नपत्रिकेला ५० गुण, शब्दलेखनाला २०. एकच शब्द दोन वाक्यांत देऊन प्रत्येक ठिकाणी तो प्रेपोझिशन आहे की सबॉर्डिनेटिंग कंजंक्शन, अशी खूण चौकटीत करायला लावणे हा तिथला एक रुळलेला प्रश्नप्रकार आहे. गिब यांना विचारलेला प्रश्न त्याच साच्यातला होता. ‘आफ्टर’बद्दल केंब्रिजच्या ग्रंथातले उत्तर देणाऱ्या मुलाची खूण आजही चुकीच्या चौकटीत पडेल.